केसांतला नकोसा रंग: औषध तोडते, काढते ते पाणी

लग्नसराईच्या तोंडावर माझ्या आत्याने घरीच केस रंगवले. पेटीवर ‘गडद तपकिरी’ असे छापलेले होते आणि चित्रातल्या बाईचे केसही खरोखरच तपकिरी होते. आत्याचे मात्र मुळांशी तपकिरी आणि कानांखाली डांबरासारखे काळेकुट्ट झाले. इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आमच्या घराच्या गच्चीवर उन्हात बसून तिने शेपटा पुढे घेतला, त्याचे टोक बोटांवर पसरून मला दाखवले आणि विचारले, “हे निघेल का गं? आणि निघत असेल, तर सशाच्या डोळ्यांत घालून तपासलेले काही मला आणून देऊ नकोस.”

हे दोन्ही प्रश्न अनेक घरांत विचारले जातात आणि दोघांचीही उत्तरे जाहिरातींत धड मिळत नाहीत. रंग काढण्याच्या औषधाला बाजारात ‘कलर रिमूव्हर’ म्हणतात. नावावरून असे वाटते की ते लावले की रंग निघतो. प्रत्यक्षात औषध रंग फक्त तोडते आणि तुटलेला रंग केसाबाहेर नेण्याचे काम पाण्याला करावे लागते. ही एक गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे अनेकींची मेहनत दोन दिवसांत वाया जाते, म्हणून थोडे मुळापासून सांगते.

केसाच्या आत काय घडलेले असते

केसावर बाहेरून पातळ, पारदर्शक खवल्यांचे आवरण असते. जुन्या घरांवर मंगलोरी कौले जशी एकमेकांवर थोडी थोडी चढवून बसवतात, तसे हे खवले मुळाकडून टोकाकडे रचलेले असतात. त्यांच्या आत केराटिन नावाच्या प्रथिनाचा गाभा असतो, आणि केसाला काळा किंवा तपकिरी रंग देणारे मेलॅनिनचे कण या गाभ्यात विखुरलेले असतात. दोन-चार धुण्यांत जाणारे रंग कौलांवरच बसतात. पक्का रंग मात्र कौले उचकटून आत शिरतो.

पक्क्या रंगाची ही रीत 1907 साली फ्रान्समध्ये यूजीन श्यूएलेर या रसायनशास्त्रज्ञाने बाजारात आणली आणि आजही मूळ तत्त्व तेच आहे. पेटीतल्या एका नळीत पॅरा-फिनिलीनडायअमीन, म्हणजेच पीपीडी, किंवा त्याच्यासारखी बारीक, रंगहीन द्रव्ये असतात आणि त्यांच्यासोबत अमोनियासारखा अल्कधर्मी पदार्थ असतो. दुसऱ्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड असते. अमोनिया कौले सैल करतो, बारीक कण आत जातात, आणि आत पेरॉक्साइड त्यांना एकमेकांशी जोडून त्यांचे मोठे, रंगीत रेणू बनवते. या जोडणीला ऑक्सिडीकरण म्हणतात. कापून ठेवलेले सफरचंद हवेने तपकिरी पडते, तेही याच जातीच्या क्रियेने.

जुन्या वाड्यात माडीवर पलंग न्यायचा असला, तर सुतार तो सुट्या भागांत अरुंद जिन्याने वर नेतो आणि खोलीत गेल्यावर जोडतो. जोडलेला पलंग जिन्याने खाली उतरत नाही. केसातल्या पक्क्या रंगाचे नेमके हेच होते. शाम्पू कितीही चोळला तरी तो जिन्यापर्यंतच पोहोचतो.

आत्याचे केस खालीच अधिक काळे का झाले, याचाही उलगडा यात आहे. मुळांशी केस नवे होते. खालच्या केसांत मागच्या तीन-चार वेळचे पलंग आधीच दाटीने ठेवलेले होते. दर वेळी मुळांपासून टोकांपर्यंत सगळीकडे रंग लावला, की खालचा रंग साठत जातो. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे दीड-दोन महिन्यांनी रंगाची खरी गरज मुळांजवळच्या दोन-अडीच सेंटिमीटरांनाच असते.

ब्लीच वेगळे, रिमूव्हर वेगळे

आत गेलेल्या रंगाचा बंदोबस्त दोन प्रकारांनी होतो आणि दुकानदारसुद्धा पुष्कळदा या दोहोंची गल्लत करतात.

पहिला प्रकार ब्लीचचा. परसल्फेट नावाच्या क्षारांची भुकटी पेरॉक्साइडमध्ये कालवून लावतात आणि ती रंगाचे रेणू जाळून टाकल्यासारखी मोडते. परंतु परका रंग आणि केसातले स्वतःचे मेलॅनिन यांत ती भेद करत नाही, आणि केराटिनलाही इजा करते. पलंग बाहेर काढण्यासाठी खोलीतल्या भिंतीही फोडायच्या, असा तो मार्ग आहे. परसल्फेटमुळे काही लोकांना अंगावर गांधी उठतात, दम्याचा झटकाही येऊ शकतो. ब्लीच करायचेच असेल, तर ते जाणत्या हातांनी, पार्लरमध्ये करून घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रकार खऱ्या रिमूव्हरचा, आणि तो ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रियेने चालतो. शाळेच्या पुस्तकात तिला क्षपण म्हणतात. सोडियम हायड्रॉक्सीमिथेनसल्फिनेट, सिस्टीन, अस्कॉर्बिक आम्ल म्हणजेच व्हिटॅमिन सी, अशी द्रव्ये यासाठी वापरतात. पलंगाचे स्क्रू सोडवून ती त्याचे पुन्हा सुटे भाग करतात. मेलॅनिनला ती जवळजवळ हात लावत नाहीत.

ही क्रिया डोळ्यांनी पाहायची असेल, तर वाटीभर पाण्यात जखमेवर लावायच्या आयोडीनच्या औषधाचे दोन थेंब टाकावेत आणि तपकिरी झालेल्या त्या पाण्यात अर्धे लिंबू पिळावे. मी हे आत्यासमोर ओट्यावर करून दाखवले. दोनदा चमचा फिरवताच तपकिरी रंग विरला आणि लिंबाच्या रसाने आलेला किंचित गढूळपणा तेवढा उरला. लिंबातल्या व्हिटॅमिन सीने आयोडीनचे रंगहीन रूप केले होते. आत्या म्हणाली, “गेला!” तो गेलेला नव्हता. रंगहीन होऊन वाटीतच होता, आणि केसातही तसेच होते.

“मग मूळचा रंग परत येईल ना?”

हा प्रश्न सर्वांत आधी येतो आणि त्याचे प्रामाणिक उत्तर निराश करणारे आहे. पक्का रंग लावताना पेरॉक्साइड दोन कामे करते: बारीक कण जोडते, आणि त्याच वेळी केसातले थोडे मेलॅनिन उजळते. रिमूव्हर परका रंग बाहेर काढील, पण उडालेले मेलॅनिन परत आणू शकणार नाही. त्यामुळे काळ्या केसांखालून बहुधा तांबूस, पितळी छटा निघते आणि रिमूव्हरनेच केस लाल केले असा समज होतो. ती छटा पूर्वीपासूनच होती. वरच्या काळ्या रंगाने झाकली होती इतकेच.

पांढऱ्या केसांत मेलॅनिन नसतेच. तिथे रंग निघाल्यावर उरलेल्या अंशामुळे पिवळसर किंवा फिकट नारिंगी झाक राहते. रंगवणे सोडून पांढरे केस तसेच ठेवायचे ठरवलेल्या बायकांनी एका दिवसात रुपेरी केसांची अपेक्षा धरू नये. जे केस नव्याने उगवतील, तेच खरे पांढरे असतील.

मेंदी लावलेली असेल तर

शुद्ध मेंदीचा रंग लॉसोन नावाच्या द्रव्यामुळे येतो. ते पीपीडीसारखे आत जोडले जात नाही. थेट केराटिनलाच चिकटते. पलंगाऐवजी भिंतीत चिणलेली खुंटी समजावी. रिमूव्हरचा पाना तिला लागत नाही आणि अशा केसांवर पैसे खर्च करून हाती काही येत नाही. मेंदीत नीळ मिसळलेली असेल आणि वरून ब्लीच केले, तर केस हिरवटही होऊ शकतात.

‘काळी मेंदी’ नावाने मिळणाऱ्या पुड्या मात्र वेगळ्या. मेंदीची पाने काळा रंग देत नाहीत. पंधरा-वीस मिनिटांत केस काळेभोर करणाऱ्या पुडीत बहुधा पीपीडी असते आणि बारीक अक्षरांतल्या घटकांच्या यादीत ते सापडते. तिथे रिमूव्हर निदान काही अंशी उपयोगी पडतो. काही भुकट्यांत आणि केस हळूहळू काळे करणाऱ्या काही पाण्यांत धातूंचे क्षार असतात. त्यांच्यावर पेरॉक्साइडचे काही लावले तर केस तापून तुटण्याचा धोका असतो. आपण काय लावले होते हेच ठाऊक नसेल, तर आधी कंगव्यात अडकलेल्या केसांवर प्रयोग करावा.

रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे इंदुरात राजवाड्याजवळ निघणाऱ्या रंगांच्या मिरवणुकीत, डोक्यावर पडलेल्या रंगालाही हे औषध आहे का, असे शेजारच्या वहिनींनी विचारले. नाही. तो रंग बहुतांशी कौलांवर आणि कौलांच्या फटींत बसलेला असतो. तेल, शाम्पू आणि थोडे दिवस हाच त्याला उपाय. मात्र ब्लीच किंवा रिमूव्हर वापरलेले केस सच्छिद्र झालेले असतात आणि गेरीचा रंग ते अधिक धरून ठेवतात. राजवाड्याला जाण्याआधी अशांनी तरी डोक्याला भरपूर तेल चोपडावे आणि वर रुमाल बांधावा.

सशाचे काय

आत्याची दुसरी अट मला पहिल्या प्रश्नापेक्षाही महत्त्वाची वाटते. 1944 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातले जॉन ड्रेझ आणि त्यांचे सहकारी यांनी एक चाचणी रूढ केली. सशाची मान खोड्यात अडकवून त्याच्या एका डोळ्यात तपासायचे द्रव्य घालतात, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवतात, आणि डोळा किती लाल होतो, किती सुजतो, पांढरा पडतो का, याची दिवसेंदिवस नोंद करतात. सशाला अश्रू फार कमी येतात. त्याला ते द्रव्य धुऊन टाकता येत नाही. त्वचेला वावडे येते का हे पाहण्यासाठी गिनीपिग वापरले जात. केसांचे रंग आणि त्यांच्याशी संबंधित प्रसाधने या चाचण्यांतून मोठ्या प्रमाणावर गेलेली आहेत. आज प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींपासून वाढवलेल्या त्वचेच्या थरांवर दाह तपासता येतो. पर्याय असताना त्या खोड्याची गरज उरत नाही, असे मी मनापासून मानते.

यावर लगेच सांगितले जाते की भारतात हे सगळे बंदच आहे. ते खरे आहे. मे 2014 मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत 148-सी हा नियम घालून प्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी बंद करण्यात आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांच्या आयातीलाही मनाई झाली. युरोपीय संघात अशा मालाच्या विक्रीवर 11 मार्च 2013 पासून पूर्ण बंदी आहे. तरीही प्रश्न मिटत नाही, कारण एकच कंपनी अनेक देशांत माल विकते. चीनने 2021 पासून साध्या प्रसाधनांच्या आयातीसाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती बरीच सैल केली, परंतु केसांचे रंग तिथे ‘विशेष’ प्रसाधनांत मोडतात आणि त्यांना ती सवलत तशी लागू होत नाही. इथे विकलेली पेटी नियमात बसत असली, तरी तीच कंपनी दुसरीकडे काय करते हा प्रश्न ग्राहकाने विचारायलाच हवा.

म्हणून पेटीवर ‘क्रुएल्टी-फ्री’, म्हणजे प्राण्यांवर न तपासलेले, हा शब्द आणि सशाचे चित्र दिसले की थांबू नये. चित्र कोणीही छापू शकते. लीपिंग बनी किंवा पेटा यांसारख्या संस्था प्रमाणित कंपन्यांच्या याद्या सर्वांसाठी खुल्या ठेवतात, त्यांत कंपनीचे नाव शोधावे. पुण्याची ब्यूटी विदाऊट क्रुएल्टी ही संस्थाही 1974 पासून याच प्रश्नावर काम करत आहे. नाव सापडायला पाच मिनिटे लागतात, आणि आत्याने ती पाच मिनिटे माझ्याकडून घेतलीच.

हिरव्या ठिपक्यानेही फसू नये. तो ठिपका घटक वनस्पतिजन्य आहेत की प्राणिजन्य एवढेच सांगतो, चाचणीविषयी काहीच बोलत नाही. उलट, प्राण्यांवर न तपासलेल्या मालातही प्राणिजन्य घटक असू शकतो. वर ज्या सिस्टीनचा उल्लेख केला, ते पूर्वापार पक्ष्यांच्या पिसांपासून काढत आले आहेत. आता ते किण्वनानेही बनते. ज्यांना दोन्ही बाबतींत काटेकोर राहायचे आहे, त्यांनी ‘क्रुएल्टी-फ्री’ आणि ‘व्हीगन’, म्हणजे प्राणिजन्य घटक नसलेले, हे दोन्ही शब्द पाहावेत.

आणखी एक आक्षेप अधिक टोकदार आहे: पीपीडी काय किंवा इतर द्रव्ये काय, कधीकाळी प्राण्यांवर तपासली गेलेलीच आहेत, मग आता या शब्दाला अर्थ काय? प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था एक ठरावीक तारीख धरतात आणि त्या तारखेनंतर कंपनीने किंवा तिला कच्चा माल पुरवणाऱ्यांनी नवी चाचणी केलेली नसावी अशी अट घालतात. झालेले परत फिरवता येत नाही, पुढचा ससा वाचतो. मला ते पुरेसे मोठे कारण वाटते.

फक्त ‘क्रुएल्टी-फ्री’ म्हणजे आपल्या डोक्याला सौम्य, असे समजू नये. पेटीवरचा ससा आपल्या त्वचेची हमी देत नाही. रिमूव्हरचा थेंब कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून 48 तास वाट पाहणे, हे कोणत्याही प्रमाणपत्रानंतरही आवश्यकच आहे. रंगाने पूर्वी डोके खाजले असेल, पुरळ उठले असेल किंवा टाळूवर जखम असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे.

लिंबू-सोड्याने भागणार नाही का

वाटीतला प्रयोग पाहून आत्याने लगेच लिंबू डोक्याला लावायची तयारी केली होती. वाटीत आयोडीन मोकळे असते. केसात रंग गाभ्यात दडलेला असतो, आणि तिथवर पुरेसे व्हिटॅमिन सी पोहोचवण्याइतका रस लावला, तर त्याच्या आंबटपणाने टाळूची आग होईल. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या कुटून शाम्पूत कालवण्याचा उपाय थोडा अधिक समंजस आहे. नुकताच लावलेला किंवा कच्चा रंग त्याने फिकटतो. जुन्या, साठलेल्या काळ्या रंगाला तो पुरत नाही. खाण्याचा सोडा कौले सैल करतो, भांडी घासायचा साबण सगळे तेल ओढून घेतो, आणि दोन्ही वारंवार वापरल्यास केस झाडूसारखे राठ होतात.

प्रत्यक्ष करताना

प्रमाणित कंपनीची पेटी आली. त्यात दोन बाटल्या होत्या. त्या आयत्या वेळी एकत्र करायच्या आणि लगेच लावायच्या, कारण मिश्रण हवेतल्या ऑक्सिजननेच निकामी होऊ लागते. उरलेले मिश्रण उद्यासाठी ठेवता येत नाही. आदल्या दिवशी तेल लावू नये. केस धुतलेले आणि पूर्ण कोरडे असावेत. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी, आणि लावून झाल्यावर प्लास्टिकची टोपी घालून पेटीवर दिलेला वेळ घड्याळ लावून पाळावा.

वासाची कल्पना आधी देऊन ठेवते. झाकण उघडताच आत्याच्या तोंडून निघाले, “अगं, जिरावनासारखा वास येतोय!” तिचे नाक बरोबर होते. पोह्यांवर आपण जे जिरावन भुरभुरतो, त्यातल्या काळ्या मिठाचा वास गंधकाच्या संयुगांचा असतो आणि रिमूव्हरमधले क्षपण करणारे द्रव्यही बहुधा गंधकाचेच असते. हा वास केसांत दोन-तीन दिवस राहतो. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हे काम काढू नये, हे त्यासाठीच.

आता पाण्याकडे येते. टोपी काढली तेव्हा कानांखालचा काळा रंग उतरून तांबूस-तपकिरी झाला होता आणि आत्याला वाटले की काम झाले. खरे काम तिथून सुरू होते. पलंग सुटा झाला आहे, पण त्याचे भाग अजून माडीवरच आहेत. ते तसेच राहिले, तर हवेतला ऑक्सिजन त्यांना हळूहळू पुन्हा जोडतो आणि एक-दोन दिवसांत केस पुन्हा काळवंडतात. “औषध बोगस निघाले” असे म्हणणाऱ्या बहुतेकींचे इथेच बिनसलेले असते. बऱ्याच पेट्यांवर दहा, कुठे वीस मिनिटे केस धुण्याची सूचना असते, आणि ती वाचून आपण चार तांबे ओतून मोकळे होतो.

साध्या शॉवरमधून मिनिटाला 8 ते 10 लिटर पाणी पडते. वीस मिनिटांचे 160 ते 200 लिटर झाले. इंदूरला नर्मदेचे पाणी 1978 पासून येते, सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून डोंगर चढवून आणतात, आणि आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतात. म्हणून आम्ही नळाचा दिवस धरला, टाकी भरून घेतली आणि मगच बाटल्या उघडल्या. बोरिंगचे पाणी टाळले, कारण त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे शाम्पूला फेस कमी येतो आणि केसांवर थर बसतो. आत्या पाटावर वाकून बसली, मी मगने पाणी घालत गेले. केसांचे चार भाग करून एकेक भाग मुळापासून टोकापर्यंत पिळत धुतला, मधे दोनदा शाम्पू लावला. सात बादल्या गेल्या. पाचव्या बादलीपर्यंत केस पिळले की बोटांना बुळबुळीत लागत होते. सातवीला ते करकरीत लागू लागले, तेव्हा थांबलो. काही पेट्यांत शेवटी लावायची तिसरी बाटली असते. ती पाण्याला पर्याय नाही, पाण्यानंतरची आहे.

इतके पाणी घालवणे मला रुचले असे नाही. त्यातले नंतरचे, जवळजवळ स्वच्छ पाणी टबात धरून आम्ही गच्ची धुतली. पण जिथे ते द्यायला हवे तिथे कमी दिले असते, तर पेटीही वाया गेली असती, आणि दुसरी आणून तितकेच पाणी पुन्हा लागले असते.

पुन्हा कधी रंगवायचे

लगेच नाही. रिमूव्हरनंतर केस सच्छिद्र असतात, रंग अधाशासारखा ओढून घेतात आणि पेटीवरच्या छटेपेक्षा गडद होतात. शिवाय नव्या पक्क्या रंगातले पेरॉक्साइड आत राहून गेलेले जुने भागही जोडून टाकते. निदान एक-दोन आठवडे थांबावे, मधे केसांना तेल आणि कंडिशनर द्यावे, आणि पुढचा रंग हव्या असलेल्या छटेपेक्षा दोन पायऱ्या फिकट निवडावा. लग्न अगदी समोर असेल, तर पेरॉक्साइड नसलेला, काही धुण्यांत उतरणारा रंग हा कमी धोक्याचा मार्ग आहे.

आत्याने तोही घेतला नाही. तिसऱ्या दिवशी वास गेला, रंग तांबूस-तपकिरी तसाच राहिला, कानांखाली थोडा असमान. ती तशाच केसांचा अंबाडा घालून आणि वर मोगऱ्याचा गजरा माळून लग्नाला गेली. पंधरा दिवसांनी तिने फक्त मुळांना रंग लावला, ब्रश घेऊन, मागच्या बाजूला आरसा धरायला मला बसवून.